खोकल्याच्या पानावर बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या लालबागच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं त्याच्यावर अक्षता टाकल्या. डाव्या हातानं टाकल्या, कारण उजवी बाजू वर्षभरापूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. नेम चुकला आणि बरेचसे तांदूळ कीबोर्डात गेले. पुढे काही दिवस ‘ळ’ उमटेना. मग एका सकाळी बाबांनी कीबोर्ड उचलला, गॅलरीत नेला, उलटा करून कठड्यावर आपटला, तांदूळ खाली पडले, चिमण्यांनी खाल्ले आणि ‘ळ’ परत आला. मला वाटलं, चला, आमच्या घरात यंत्राची दुरुस्ती ही अशी सोपी असते. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कल्पना नव्हती.

हा कॉम्प्युटर घरात का आला ते आधी सांगायला हवं. मी गिरगावातल्या एका छापखान्यात मराठी टायपिंग करायचे. दादरच्या एका क्लासात शिकले होते, बोटं बरी चालायची, मालकांना माझं काम पसंत होतं. आईला झटका आला आणि घडी विस्कटली. बाबा तिला भरवायचे, औषधं द्यायचे, उशी सारखी करायचे. पण अंघोळ, कपडे, भांडं देणं, यातलं काहीही ती त्यांना करू द्यायची नाही. "तुमी भायर जावा," एवढंच म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. शेजारच्या बायका आनंदानं आल्या असत्या, येतही होत्या, पण त्यांच्यासमोर ती अंग चोरायची. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेली बाई, दुसऱ्याकडून करून घेणं तिला जमेना. मी सकाळी कामावर गेले की ती संध्याकाळपर्यंत पाणी प्यायची नाही. पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलंच, म्हणून. हे मला कळलं त्याच आठवड्यात मी छापखान्यात जाऊन सांगितलं की मी आता येणार नाही.

मालक भला माणूस, पण धंद्याला पक्का. म्हणाले, "बाई, घरी मशीन असेल तर काम घरी पाठवीन. मला पानं वेळेवर मिळाली की झालं. ती तुम्ही कुठे बसून केलीत याच्याशी मला कर्तव्य नाही."

घरी मशीन म्हणे. आमच्याकडे साधा मिक्सर नव्हता.

बाबा साचेवाले. गिरणीतल्या मागाला साचा म्हणायचे आणि त्यावर कापड काढणारा तो साचेवाला. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. आईची तेव्हा खानावळ होती, घरदार कोकणात ठेवून इथे गिरणीत राबणारे पुरुष आमच्याकडे जेवायचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावाला गेले आणि खानावळ बसली. बाबांची गिरणी मागाहून चालू झाली ती नावापुरती, यांना काही परत आत घेतलं नाही. मग त्यांनी कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमनकी केली, शिवडीला ट्रकवर माल चढवून घेण्याचं काम केलं. पण नवीन माणसानं विचारलं, काय करता, तर ‘साचे चालवतो’ असंच सांगायचे. चालवायचो नव्हे, चालवतो. कितीतरी वर्षांनी गिरणीकडून राहिलेली रक्कम हातात आली ती नेमकी आईच्या आजारपणात. नातेवाइकांनी एकमतानं ठरवून टाकलं की गावच्या घराचं छप्पर करून घ्यावं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छप्पर ऱ्हवांदे. चेडवाक मशीन घेवचा आसा."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. तेव्हा मात्र मी ते बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नसे.

तर मशीन आलं. गॅलरीकडच्या खिडकीशी टेबल टाकलं, कारण मागच्या खिडकीशी आईचा पलंग होता आणि मधे जी जागा उरली तिला आम्ही घर म्हणायचो. छापखान्यातून पहिलं मोठं काम आलं ते दादरच्या एका म्हाताऱ्या वैद्यांचं पुस्तक, घरगुती औषधांचं. हाताने लिहिलेले गठ्ठेच्या गठ्ठे. ताप झाला, पोटदुखी झाली, आणि खोकल्याचं प्रकरण लागलं त्या दिवशी पडदा एकदम निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीतून काहीतरी, वाचेपर्यंत ते गेलं आणि मशीन स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू झालं. खोकला गेला. म्हणजे प्रकरण गेलं.

मी पुन्हा टाइप केलं. अडुळसा, ज्येष्ठमध, बेहडा, मध. पुन्हा निळं. तिसऱ्या खेपेला मी दर ओळीला सेव्ह करत होते, तर फाइलच उघडेना. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी टेबलावर अशी मूठ आपटली की पलंगावर आई दचकली. खोकल्यावरचे ते उपाय मला आजही तोंडपाठ आहेत आणि घरात कुणी खोकलं की मी नको तितकं बोलते.

बाबांनी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "तापलाहा." खरंच तापलं होतं. ऑक्टोबरचा उकाडा होता, गॅलरीतून दुपारचं ऊन सरळ खिडकीवर यायचं. त्यांनी माळ्यावरचं एक गोणपाट काढलं, पिंपात बुचकळलं, पिळलं आणि खिडकीच्या गजांना बांधलं. वारा त्यातून गार होऊन आत यायला लागला. सगळ्या खोलीला बरं वाटलं. आई म्हणाली, बरा केलात. म्हणजे तिनं मान हलवली, पण तिच्या मानेचे अर्थ आम्हाला कळायचे.

बाबांच्या मनात नुसता गारवा नव्हता. साचेखात्यात हवा कायम दमट ठेवत, हे ते मला लहानपणापासून सांगत. खिडक्या बंद, वरून पाण्याचा फवारा, साचेवाले दिवसभर ओलेचिंब. हवा कोरडी पडली की सूत कडक होतं, कडक झालं की तुटतं, तुटलं की साचा थांबतो. चांगला साचेवाला आत पाऊल टाकल्याबरोबर गालावरून ओळखायचा की आज सूत तुटणार की चालणार. साचा सारखा थांबायला लागला तर पहिली ओरड पाण्यासाठी. इतकी वर्षं ज्या माणसानं हेच पाहिलं, त्याच्यासमोर एक यंत्र सारखं थांबत होतं. त्यांनी जे करायचं ते केलं. रोज सकाळी आणि दुपारी गोणपाट ओलं.

मशीन ज्याच्याकडून घेतलं होतं तो कॉम्प्युटरवाला शिवडीच्या कोळीवाड्यातला. घरी सगळे मासळीच्या धंद्यात, हा एकटा वायरी जोडत बसणारा. चाळिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला लागला की थांबायचा नाही आणि कधी चुकतोय असं त्याला स्वप्नातही वाटायचं नाही. आल्या आल्या म्हणाला, "व्हायरस आहे ताई. शंभर टक्के." सगळं पुसून परत भरलं. मराठी अक्षरंही त्यात पुसली गेली, ती मिळवायला मला गिरगावात जावं लागलं. दोन-चार दिवस चाललं आणि खोकल्याच्या पानावर पुन्हा निळं.

"मग व्होल्टेज. तुमची चाळ जुनी, वायरिंग अजून जुनी. कोणी मिक्सर लावला की तुमचं मशीन झोपतं. लिहून देतो." त्यानं स्टॅबिलायझर बसवला. खिडकीशी बसून चहा प्याला, कॉलर मागे ओढून म्हणाला, "काका, तुमच्याकडे बेस्ट गार वाटतं. दुकानात नुसती भट्टी आहे." बाबा खूश.

व्होल्टेजची बातमी अर्थातच आमच्या मजल्यावर पोचली. आमच्याकडे बातमी पोचायला दार उघडं असलं की पुरतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी मिक्सरचं भांडं हातात घेऊन दारात उभ्या. "लावू का गं? तुझं काही जाणार नाही ना?" मी सेव्ह करून हात वर केला की त्या आपल्या घरी जाऊन वाटण फिरवायच्या. हळूहळू सगळ्या मजल्यानं हे धरलं. माशांचं वाटण सकाळीच काढून ठेवायचं, इस्त्री मी जेवायला उठले की करायची. एकीनं तर पाट्यावर वाटायला सुरुवात केली आणि मला ऐकवलंही, "तुझ्या पुस्तकापायी माझे खांदे गेले, पण कालवणाला चव आली." असल्या बायकांबद्दल काय लिहायचं. स्वतःच्या घरात स्वतःचा मिक्सर लावायला त्या मला विचारत होत्या आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मशीन तरीही बंद पडायचंच.

मग कॉम्प्युटरवाला ते दुकानात घेऊन गेला. तिथे आठवडाभर अहोरात्र चालू ठेवलं, त्यावर सिनेमे पाहिले, काही झालं नाही. "ताई, एकदम ओके. तुमच्या टायपिंगमध्ये तर काही नाही ना?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो विषय परत काढला नाही. घरी आणलं, चार दिवस शहाण्यासारखं वागलं, पाचव्या दिवसापासून पहिले पाढे पंचावन्न.

आणि मग शिमगा आला. गावच्या पालखीला बाबा दरवर्षी जायचे, तसे गेले. ते गेले आणि मशीन जे चालायला लागलं ते थांबेचना. खोकला पूर्ण झाला, दमा झाला, मूळव्याध झाली. मी आनंदानं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ती अर्ध्या तोंडानं हसायची. बाबा परत आले, त्यांनी पिशवीतून काजूचे गर काढून ठेवले, आणि दोन दिवसांनी पडदा निळा.

चाळीला असं काही मिळालं की ती सोडते होय? "काका, मशीनला तुमचा पायगुण सोसत नाही," समोरचे गृहस्थ गॅलरीतून म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. कॉम्प्युटरवाल्यानंही ऐकल्यावर मान डोलावली आणि म्हणाला, "असतं हां काही लोकांच्या अंगात करंट." बाबाही हसले. पण त्या दिवसापासून ते मशीनजवळ फिरकेनासे झाले. आधी माझ्या मागे स्टूल टाकून बसायचे, अक्षरं उमटताना बघायचे, ‘हां, आता पळता’ म्हणायचे. ते स्टूल गॅलरीत गेलं. जेवायला आत यायचे तेही भिंतीच्या कडेनं, टेबलाला वळसा घालून. मी म्हटलं, बाबा, थट्टा केली लोकांनी. ते म्हणाले, "आसांदे. कामाचा मशीन आसा, उगाच कित्याक?"

एक काम मात्र त्यांनी सोडलं नाही. बाहेरून, गॅलरीतून, गोणपाट ओलं ठेवायचं. आत यायचं नाही तर निदान एवढं तरी करावं, असं त्यांच्या मनात असणार. पूर्वी दिवसातून दोनदा भिजवायचे, आता मशीन जितकं जास्त बंद पडायचं तितकं ते जास्त पाणी मारायचे. तांब्या घेऊन बसलेलेच असायचे. गोणपाट कधी वाळलेलं मला आठवत नाही.

छापखान्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. मालक स्वतः बोलले. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "बाई, वैद्यबुवा रोज येऊन बसतात. येत्या सोमवारी पूर्ण पुस्तक आलं तर ठीक. नाही तर मी ते बाहेर देतो. आणि एकदा बाहेर दिलं की पुढचंही तिकडेच जाईल, हे तुम्हीही समजता."

मी समजत होते. मी नायगावच्या एका ऑफिसात जागा आहे असं ऐकलं होतं, तिथे चौकशीला जाऊन आले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. घरी आल्यावर बाबांना हळू आवाजात सांगितलं. आमच्या खोलीत हळू आवाज असा काही प्रकार नसतो. आईनं ऐकलं असणार, कारण दुसऱ्या सकाळपासून तिनं चहा अर्धाच घ्यायला सुरुवात केली. मी कप पुढे केला की ओठ मिटायची. पाण्याचंही तसंच. मी दिवसभर घरी नसण्याची ती सवय करत होती. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

शनिवारी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याला स्पष्ट सांगितलं की हे चालू झालं नाही तर माझं काम जातं, काम गेलं तर मला बाहेर पडावं लागतं, आणि मी बाहेर पडले तर ही बाई पाण्याचा थेंब घेणार नाही. एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या त्या माणसानं हातातली पिशवी खाली ठेवली. आईकडे बघून म्हणाला, "नाय काकी, असं नाय होणार." मग त्यानं पेटी टेबलाखालून ओढली, खिडकीखालीच जमिनीवर आडवी घातली आणि झाकण काढलं. या खेपेला त्यानं आधीच काही जाहीर केलं नाही. एकेक स्क्रू काढून बघत होता. एक स्क्रू त्यानं उजेडात धरला. गंजलेला होता.

"नवीन मशीन आहे ताई. ह्याला गंज कुठून?"

मग त्यानं आतली मेमरीची पट्टी उपसली. बोटभर लांबीची, खालच्या कडेला सोनेरी दात असलेली. ते दात सोनेरी राहिले नव्हते, त्यांच्यावर हिरवट पांढरा थर होता, तांब्याचं भांडं कळकतं तसा. त्यानं तो थर नखानं खरवडून पाहिला. "हे मी रोज बघतो," तो म्हणाला. "दुकानात नाय, घरी. आमच्या होडीच्या बॅटरीला हेच धरतं. पाण्यानं. पण तुमच्या घरात पाणी येतं कुठून?"

तेवढ्यात गॅलरीतून बाबांनी गोणपाटावर तांब्या ओतला.

पाणी गोणपाटातून झिरपलं, वाऱ्यासरशी आत आलं, आणि कॉम्प्युटरवाल्याच्या मानेवर, हातावर, त्या उघड्या पेटीवर बारीक थेंब पडले. त्यानं मान वर केली. मीही केली. आई पलंगावरून बघत होती. बाहेरून बाबांचा आवाज आला, "काय गो, चालू झाला काय?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं ते इथे लिहीत नाही. इतके महिने, तो वैद्य, तो खोकला, मजल्यावरच्या बायकांचे खांदे, सगळं एकदम आलं. पण मी तोंड उघडायच्या आत कॉम्प्युटरवाला उठला आणि दारात जाऊन म्हणाला, "काका, जरा आत या. तुमची गरज आहे."

बाबा दारातच थांबले. "मी नको. ताका माझो पायगुण सोसणा नाय."

"तुमचं काही नाही हो काका. पहिल्यांदा तापून पडलं असेल, पण पुढचं सगळं पाण्याचं आहे. तुमच्या साच्याला पाणी लागायचं, बरोबर? ह्याला उलटं. ह्याला आमच्या होडीच्या मशीनसारखं, पाणी लागलं की मेलं. आणि मी स्वतः इथे बसून गार वाटतं गार वाटतं म्हणत होतो, मला नाही सुचलं. या, बघा."

त्याचे उपकार मी विसरणार नाही ते यासाठी. हसायला त्याला पूर्ण वाव होता, आणि चाळीत सांगायला वर्षभर पुरेल असा किस्सा होता. त्यानं तो कुणाला सांगितला नाही. बाबांना त्यानं जमिनीवर शेजारी बसवलं, पट्टी हातात दिली आणि खिशातून एक खोडरबर काढलं. "ह्यानं हे दात घासायचे. हलक्या हातानं. माझी बोटं जाडी आहेत, तुमची बरी."

बाबांची बोटं तुटलेल्या सुताला गाठ मारण्यात गेलेली. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली आणि एकेक दात घासायला घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. मान न उचलता ते आईला म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळाच बंद पडत होता."

आईला बोलायला वेळ लागायचा. शब्द जमवून तोंडाशी आणेपर्यंत आम्ही थांबायचो. तशीच ती त्या दिवशी बोलली, तुटक, पण सगळं कळेल असं. "माका गार वाटता तां. माझ्या खिडकेक लावा."

बाबांनी पट्टी खाली ठेवली. उठून गजांचं गोणपाट सोडलं, ओलंच खांद्यावर घेतलं आणि तिच्या पलंगामागच्या खिडकीला नेऊन बांधलं. गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग परत येऊन खाली बसले आणि राहिलेले दात घासून काढले.

पेटी उन्हापासून आत सरकवली आणि मशीन चालू झालं. रविवारी दिवसभर मी बसले होते आणि बाबा माझ्या मागे, स्टुलावर. कॉम्प्युटरवाला दुपारी मुद्दाम बघून गेला, पापलेट घेऊन आला होता. मजल्यावरच्या बायकांना मी सांगितलं की व्होल्टेज नव्हतंच, तुम्ही खुशाल मिक्सर लावा. त्यांनी ऐकून घेतलं, पण कशामुळे बंद पडत होतं ते एकीनंही खोदून विचारलं नाही. बांधलेलं गोणपाट एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेलेलं त्यांना दिसत होतं, आणि त्या बायका काही खुळ्या नव्हत्या. शेजारच्या मावशी तर पुढची कित्येक वर्षं, मिक्सर लावायच्या आधी दारात येऊन विचारायच्याच. "लावू का गं?" मी हात वर करायचे.

सोमवारी वैद्यांचं पुस्तक गिरगावात पोचलं. मालकांनी पानं चाळली, पुढच्या पुस्तकाचे गठ्ठे माझ्यासमोर ठेवले आणि चहा मागवला. मी चहा न घेताच निघाले, कारण घरी आईला पाणी द्यायची वेळ झाली होती. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जा लवकर."

ते मशीन आमच्याकडे पुष्कळ वर्षं चाललं. मधे एकदा पडदा गेला, एकदा पंखा गेला, पण ती निळी पानं परत दिसली नाहीत. महिन्यातून एकदा बाबा पेटी उघडून कोरड्या फडक्यानं पुसायचे, पट्टी काढून दात बघायचे. त्या मशीनवर मी व्रतांची पुस्तकं केली, लग्नपत्रिका केल्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका केल्या, कुणाकुणाच्या कविता केल्या. एवढ्या वर्षांत आईला अंघोळ दुसऱ्या कुणी घातली नाही. तिनं कधी त्याचे आभार मानले नाहीत आणि मीही कधी उपकार केल्यासारखं वागले नाही. पण आज मागे वळून पाहताना मला त्या सगळ्यांचे, बाबांचे, त्या बायकांचे, शिवडीच्या त्या बडबड्या माणसाचे आभार मानावेसे वाटतात, कारण त्यांनी मला घरात राहू दिलं. माझ्या वयाच्या किती मुलींना ते मिळतं मला माहीत नाही. मला मिळालं.

आई गेली ती एका दुपारी, झोपेत. मी टाइप करत होते, तिचा श्वास ऐकू येईना म्हणून उठले. संध्याकाळपर्यंत सगळी चाळ जमली, गावाहून येणाऱ्यांची वाट बघणं झालं, आणि शेवटची अंघोळ घालायला मजल्यावरच्या बायका पुढे झाल्या. त्यांचं ते कामच होतं, आणि त्यांनी ते प्रेमानं केलं असतं. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि थांबल्या. बाबांना काही सांगावं लागलं नाही, ते आपणहून गॅलरीत गेले. मी दार लोटून घेतलं, बादलीत पाणी काढलं, आणि तिच्या अंगावर घालायच्या आधी, सवयीनं, ते फार गरम नाही ना हे मनगटावर घेऊन पाहिलं.